दगडसांगवीच्या तीन चांदण्या

बसवंत मन्मथप्पा उंबरगे यांच्याइतका तल्लख गुप्तहेर मांजरेच्या खोऱ्यात आजवर झाला नाही, हे मत सर्वप्रथम खुद्द बसवंत मन्मथप्पा उंबरगे यांनीच मांडलं, आणि अजून तरी त्याला दुसऱ्या कुणाचं अनुमोदन मिळालेलं नाही. निलंगा तालुक्यातल्या दगडसांगवीत बसस्टँडसमोर त्यांचं भांड्यांचं दुकान आहे. पाटीवर वरच्या अंगाला 'उंबरगे मेटल मार्ट' असं लिहिलंय आणि त्याखाली, चांगल्या ठसठशीत अक्षरांत, 'खाजगी तपास. गुप्तता राखली जाईल.' गुप्तता राखायची त्यांची पद्धत अशी, की आलेल्या प्रकरणाची चर्चा समोरच्या हॉटेलात फक्त मोठ्यानं करायची. कुजबुजलं की लोकांना संशय येतो, असं त्यांचं म्हणणं.

"सिद्धराम," ते म्हणत, "देवानं मला दोन डोळे दिले ते लोकांना बरं वाटावं म्हणून. खरा माझा तिसरा चालतो. दिसतं ते खरं नसतं. त्यामुळे मी बघण्यात वेळच घालवत नाही. मी थेट विचार करतो."

हे ज्याला ऐकावं लागे तो सिद्धराम म्हणजे एसटीतून रिटायर झालेला कंडक्टर. रिटायर झाल्यावर दुपारी टेकायला सावली हवी म्हणून तो दुकानात येऊन बसू लागला, आणि एके दिवशी बसवंतअप्पांनी कुणाला तरी 'हे माझे सहायक' अशी ओळख करून दिली. नाही म्हणायला तोंड उघडेपर्यंत चहा आला. चहा पिऊन झाल्यावर नाही म्हणणं त्याला बरं वाटलं नाही. तेव्हापासून तो सहायक आहे.

अप्पांच्या गाजलेल्या तपासांपैकी शरणप्पा तेल्याच्या हरवलेल्या शेळीचं प्रकरण सगळ्यात मोठं. अप्पांनी त्यात बिदरपर्यंत पसरलेली शेळीचोरांची टोळी शोधून काढली, टोळीच्या म्होरक्याची उंचीसुद्धा सांगितली. शेळी त्यांच्याच दुकानाच्या माळ्याखाली बसून बारदान खात होती. अप्पा म्हणाले, टोळीनं घाबरून ती आणून ठेवली. बारदान संपल्याचं दुःख मात्र त्यांना बरेच दिवस होतं.

तर हे प्रकरण त्या उन्हाळ्यातलं, ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं. दगडसांगवीला स्टेशन नाही, त्यामुळे रेल्वेनं पाणी यायचा प्रश्नच नव्हता. गावाचा सगळा भरवसा तळ्यात उरलेल्या गढूळ डबक्यावर आणि ते गाळून गल्लोगल्ली सोडणाऱ्या पंपघरावर. बाया भांडी कोरड्या राखेनं घासत. आंघोळीचं पाणी फरशीला, फरशीचं पाणी म्हशीला, आणि म्हशीचं काय ते म्हैस बघून घेई. अप्पांच्या दुकानात पितळेचे हंडे काळे पडून बसले होते, आणि खपत होते ते फक्त प्लॅस्टिकचे ड्रम.

बसस्टँडला लागूनच असलेल्या या पंपघरात भिंतीवर एक कंट्रोलर होता. गाव त्याला 'शहाणा डबा' म्हणे. पूर्वी कुठल्या गल्लीचा वॉल्व्ह उघडायचा हे मनगटाच्या जोरावर ठरत असे. ज्या गल्लीत पैलवान जास्त, त्या गल्लीत पाणी जास्त. मग पाणीपुरवठा सोसायटीच्या चेअरमननी नांदेडहून एक इंजिनिअर आणून सगळ्या मोटारी आणि सगळे वॉल्व्ह त्या डब्याला जोडून टाकले, आणि वॉल्व्हचे हातानं फिरवायचे दांडे करवतीनं कापून घरी नेले. तेव्हापासून कुठल्या गल्लीला कधी आणि किती पाणी, हे डबा ठरवी. डब्याला भाऊबंद नव्हते, त्यामुळे गावात शांतता होती.

डब्याला एक पासवर्ड होता. लाइट गेली आणि परत आली की तो पासवर्ड विचारी. सांगितला की कामाला लागे. पासवर्ड होता १९८२, म्हणजे लातूर जिल्हा झाला ते साल. नवा जिल्हा झाल्याच्या मिरवणुकीत चेअरमन पुढं हलगी वाजवत होते, ती त्यांच्या आयुष्यातली शेवटची मोकळी मजा. म्हणून तो आकडा. हा पासवर्ड चेअरमन आणि ऑपरेटर संगप्पा या दोघांनाच माहीत होता, आणि ही गोष्ट दोघांनाच माहीत आहे हे गावात ज्याला-त्याला माहीत होतं. पासवर्डही बहुतेकांना माहीत होता. पण पंपघराची किल्ली एकट्या संगप्पाकडं असल्यामुळे कुणाचं काही चालत नव्हतं.

त्या शनिवारी सकाळी लाइट गेली, आली, डब्यानं पासवर्ड विचारला. संगप्पानं इतक्या वर्षांच्या सवयीनं न बघता बटणं दाबली. डबा म्हणाला, इनव्हॅलिड पासवर्ड. संगप्पानं परत दाबली. परत तेच. चेअरमन धावत आले, त्यांनी स्वतःच्या बोटानं दाबली. तरी तेच. याचा अर्थ गावानं असा काढला की कुणीतरी पासवर्ड बदलला. आणि किल्ली तर संगप्पाकडं.

चेअरमननी नांदेडच्या इंजिनिअरला फोन लावला. तो म्हणाला, पासवर्ड गेला तर गेला, त्याला इलाज नाही. डब्याची मेमरी पुसून कोरी करावी लागते. पुसली की आतला सगळा कार्यक्रमही जातो, तो नव्यानं लिहायचा. संध्याकाळच्या गाडीनं येतो, पुसतो, मग माहूरला देवीला जाऊन येतो, की बसलोच लिहायला. म्हणजे तोवर गावाला पाणी नाही.

चेअरमन फोन ठेवून संगप्पाकडं वळले. ते वाईट माणूस नव्हते, पण बाहेर रिकाम्या घागरींची रांग कोपऱ्यापर्यंत गेली होती.

"संगप्पा, इंजिनिअर गाडीतनं उतरायच्या आत डबा सुरू झाला तर बरं. न्हाईतर किल्ली टेबलावर ठिव आन् घरी जा. कशापायी चाललास ते मी कुणाला सांगायचो न्हाई. गाव आधीच सांगायलंय."

गाव सांगत होतं ते असं, की संगप्पानं टँकरवाल्याशी संधान बांधून पाणी अडवलं. संगप्पा सिद्धरामचा मेहुणा. म्हणजे सिद्धरामची बायको कस्तुराबाई हिचा पाठचा भाऊ. पाण्याच्या कामावर बसून या माणसानं कधी स्वतःच्या गल्लीला घोटभर जास्त पाणी सोडलं नव्हतं, उलट त्याची बायको दुसऱ्या गल्लीत जाऊन पाणी भरी. ही बातमी कानावर आली तेव्हा कस्तुराबाई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"माज्या भावाला चोर म्हणालेत का?" ती म्हणाली. "आवो, तुमी जावा तिकडं. त्याच्यापशी बसा. मी भाकरी घिऊन येते. आन् यक सांगते, त्या भांडेवाल्या भाऊजींना संगं नेऊ नका. हातापाया पडते."

सिद्धरामनं नेलं नाही. तो पंपघरात पोचला तेव्हा बसवंतअप्पा आधीच तिथं उभे होते, डोक्यावर कानटोपी आणि हातात दुकानातली गाळणी. कानटोपी वेषांतर म्हणून होती. उन्हानं माणसं भाजून निघत होती त्या दिवशी.

"या, सिद्धराम," ते म्हणाले. तपास सुरू असला की अप्पा पुण्याच्या मराठीत बोलत. घाबरले की निलंग्याला परत येत. "प्रकरण गंभीर आहे. कुणीही कशालाही हात लावलेला चालणार नाही."

"ती गाळणी कशापायी, अप्पा?"

"पुरावे गाळून घ्यायला."

पंपघर म्हणजे संगप्पाचं निम्मं देवघर होतं. डब्याच्या वर बसवेश्वरांचा फोटो, पुढं तेलाचा दिवा, उदबत्तीचं घर, कापूर जाळायची वाटी. डब्यालाही तो देवासारखंच वागवी. रोज पहाटे हात जोडून 'शरणार्थ' म्हणायचं, वरच्या कडेला विभूतीचे तीन पट्टे ओढायचे, मध्ये हळदकुंकू, मग उदबत्ती. पूर्वी आधी ओल्या फडक्यानं डबा पुसून घ्यायचा आणि मग पट्टे, असा नेम होता. पण टंचाई लागल्यापासून चेअरमनचा हुकूम होता, पुसापुशीला पाण्याचा थेंब खर्च करायचा नाही. संगप्पा हुकूम पाळणारा माणूस. फडकं बंद झालं, पट्टे चालू राहिले.

"कृपया पासवर्ड दाबून दाखवा," अप्पा म्हणाले.

संगप्पानं दाबला. पडद्यावर तीन चांदण्या उमटल्या, आणि खाली डब्यानं आपलं म्हणणं लिहिलं.

"या चांदण्या कसल्या?"

"आकडे दिसू नयेत म्हणून डबा त्याच्या जागी चांदण्या दावतो," संगप्पा म्हणाला. "शेजारी उभ्या माणसाला कळू ने."

अप्पांनी डोळे मिटले. ते विचार करताना डोळे मिटत. त्यांच्या मते त्यानं लक्ष विचलित होत नाही.

"तीन चांदण्या," ते म्हणाले. "सिद्धराम, तीन आरोपी आहेत."

सिद्धरामला काहीतरी खटकलं. काय ते त्याला उमगेना. गाडी सुटल्यावर एखादं तिकीट फाडायचं राहून गेलं की जसं वाटायचं, तसं वाटलं. पण अप्पा तोवर बाहेर रांगेत जाऊन पहिल्या आरोपीची कॉलर धरून उभे होते.

पहिला आरोपी म्हणजे टँकरवाला अण्णाराव. कॉलर सोडवून घेत तो म्हणाला, "काय की ओ अप्पा हे?"

"नळ बंद झाला की फायदा कुणाचा?" अप्पा कडाडले. "टँकरवाल्याचा! पासवर्ड कुणी बदलला? ज्याचा फायदा त्यानं! बोला अण्णाराव, खेळ खलास झाला आहे."

"आवो, माजा टँकर हितनंच भरतो की!" अण्णाराव म्हणाला. "पंप बंद तर मी काय भरू, उन्हं? सकाळधरनं टँकर घिऊन रांगेत हाय मी. ह्या म्हातारीच्या मागं नंबर हाय माजा."

म्हातारीनं मान डोलावली. अप्पांनी टँकर वाजवून बघितला. रिकामा होता, छान घुमला. अप्पा परत आत आले.

"अपेक्षेप्रमाणे तो निर्दोष आहे," ते म्हणाले. "मी त्याला फक्त बेसावध केलं. आता खरा गुन्हेगार निर्धास्त झाला असेल."

दुसरा सिद्धांत चहाबरोबर आला. अप्पा एकदम उभे राहिले, चहा देणाऱ्याच्या हाताला डोकं लागून चहा कानटोपीवर सांडला.

"नवा जिल्हा! सिद्धराम, लातूरचे तुकडे करून नवा जिल्हा मागणारी मंडळी गावात आहेत की नाहीत?"

"हायत की. चावडीवर रोज बसतेत. जिल्ह्याचं ठिकाण कुठं करायचं, त्यावरनं आपसातच भांडतेत."

"त्यांच्या डोळ्यांत १९८२ हा आकडा सलणारच. जुन्या जिल्ह्याचं साल! ते पुसून त्यांनी आपल्या जिल्ह्याचं साल घातलं. म्हणजे यंदाचं. इतकं सोपं आहे हे. संगप्पा, दोन, शून्य, एक, सहा."

चेअरमननीही मान डोलावली, कारण नव्या जिल्ह्याची मागणी त्यांना मुळातच आवडत नव्हती. संगप्पानं आकडे दाबले. पडद्यावर चार चांदण्या उमटल्या. खाली तेच, इनव्हॅलिड पासवर्ड.

"अप्पा," सिद्धराम म्हणाला, "आत्ताच्या चांदण्या चार हायत. मगा तीनच..."

"पाहिलं मी! एक वाढला. तिघांना चौथा सामील झाला आहे. टोळी मोठी होत चालली आहे, सिद्धराम, आपल्याला घाई करायला हवी."

आयुष्यभर गाडीतली डोकी मोजलेल्या माणसाला हा हिशेब काही पटेना. माणसं मधल्या स्टॉपला चढतात हे खरं, पण डब्याला स्टॉप कुठले? तो विचार पुरा करायच्या बेतात होता, तेवढ्यात डबाच रुसला. लागोपाठ चुकीचे आकडे दाबले की तो अर्धा तास कुणाशी बोलत नसे. बाकीचे अर्धा तास त्याच्याकडं बघत बसले. बाहेर रांगेतली एक घागर गडगडत गेली आणि तिच्यावरून दोन बायांचं भांडण जुंपलं, तेवढीच करमणूक.

त्या अर्ध्या तासात अप्पा घरी जाऊन आले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात दोऱ्यात ओवलेलं लिंबू आणि मिरच्या होत्या. लिंबू चांगलं टपोरं, पिवळंधमक. त्या उन्हाळ्यात असं लिंबू बघायला मिळणंसुद्धा भाग्याचं होतं, रांगेतल्या दोघीचौघींनी वाकून बघितलं. अप्पांनी ते डब्यासमोर, येण्याजाण्याच्या वाटेवरच लटकवलं.

"अंधश्रद्धा नव्हे," ते म्हणाले. "मानसशास्त्र. गुन्हेगाराचं मन भित्रं असतं. जो या लिंबाकडे पहिल्यांदा दचकून बघेल, तो आपला माणूस."

मग ते दाराआड लपले. दार काचेचं होतं. इतक्यात चेअरमन रांगेतलं भांडण मिटवून आत आले आणि लिंबू त्यांच्या नाकावर आपटलं. चेअरमन दचकले.

"धरा त्यांना!" अप्पा ओरडले.

यानंतर काही वेळ जे झालं त्याची गोळाबेरीज अशी, की चेअरमन खूप मोठ्यानं बोलले, अप्पा निलंग्याच्या बोलीत आले, "न्हाई ओ सायेब, तपासाचा भाग हाय, तुमी मनाला लावून घिऊ नका," असं म्हणत भिंतीला टेकले, आणि कानटोपी घामानं भिजून कपाळाला चिकटली.

दुसरं कुणी असतं तर इथं थांबलं असतं. अप्पा थांबले नाहीत. खरं तर इथपर्यंत सिद्धरामला मनातून मजाच वाटत होती. चेअरमन हसून सोडून देतील, डबा कुणाचं तरी ऐकेल, असं त्याला वाटत होतं. पण अप्पा भिंतीपासून हळूहळू सरळ झाले, पुण्याला परतले, आणि त्यांनी बोट संगप्पाकडं रोखलं.

"टँकरवाला नाही. नव्या जिल्ह्याचे नाहीत. चेअरमन नाहीत, हे तर मी नेहमीच म्हणत होतो. मग उरलं कोण? किल्ली कुणाकडे? संगप्पा, तुम्ही हे मुद्दाम केलं नाही. उन्हानं डोकं तापलं, खोलीत झोप लागली, आणि झोपेत तुम्ही उठून पासवर्ड बदललात. वैद्यकशास्त्रात याला नाव आहे. मला आत्ता आठवत नाही, पण आहे."

संगप्पा खाली बसला. सकाळपासून गाव म्हणत होतं ते त्यानं सहन केलं होतं, कारण ते खोटं आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. झोपेतल्या कामाचं मात्र तो काय सांगणार?

"आसंल बी," तो पुटपुटला. "दाजी, माज्याच हातनं झालं आसंल. रांगेत तान्ही लेकरं घिऊन बाया उब्या हायत. माज्याच हातनं."

त्यानं खिशातून किल्ली काढली आणि टेबलाकडं हात नेला. सिद्धरामला भयंकर राग आला. असा राग त्याला नोकरीत फक्त एकदा आला होता, आंधळ्या माणसाला कुणीतरी खोटी नोट दिली तेव्हा. त्यानं संगप्पाचं मनगट धरलं.

"किल्ली खिशात ठिव," तो म्हणाला. "आन् अप्पा, तुमी गप बसा. इंजिनिअर आल्याबिगर ही किल्ली टेबलावर जाणार न्हाई."

सहायकानं गुप्तहेराला गप्प बसायला सांगितल्याची ही पहिलीच वेळ. अप्पा इतके चकित झाले की खरंच गप्प बसले.

कस्तुराबाई आली ती अशा वेळी. हातात भाकरीचं गाठोडं, डोक्यावरून पदर. तिनं आधी भावाकडं बघितलं, मग नवऱ्याकडं. नवऱ्यानं धरलेलं भावाचं मनगट बघितलं आणि काय समजायचं ते समजली. रडू येईल म्हणून तिनं तोंड फिरवलं, तर समोर डबा.

"अग्गबाई," ती म्हणाली. "हे काय गा, संगू?"

"काय, अक्का?"

"ही घाण! देवाच्या जागंला ही कसली दशा करून ठिवलास? किती दिसाची विभूती ही? हे काय कपाळ हाय का चुलीचा ओटा?"

खरोखरच डब्याच्या वरच्या कडेवर विभूतीचे थर चढले होते. पट्ट्यावर पट्टा, त्यावर कुंकू, त्यावर उदबत्तीची राख, त्यावर कापराची काजळी. सुकलेले पोपडे खाली आकड्यांच्या बटणांवर गळले होते आणि दिव्याच्या तेलानं तिथंच घट्ट बसले होते.

"चेअरमनसायबाचा हुकूम हाय, पाणी लावायचं न्हाई," संगप्पा म्हणाला.

"पाणी कोण मागतंय?"

बाईमाणसाला मनातलं दुःख आवरायचं असलं की ती हाताला काम शोधते, निदान कस्तुराबाई तरी शोधे. तिनं इकडं तिकडं बघितलं. पूजेच्या नारळाचा काथ्या कोपऱ्यात पडला होता, तो उचलला. मग नजर वर गेली. तिनं अप्पांचं लिंबू दोऱ्यासकट ओढलं, मिरच्या बाजूला फेकल्या, दातानं लिंबू फोडलं आणि डब्यावर चोळायला लागली.

"वहिनी!" अप्पा किंचाळले. "पुरावा! पुरावा नष्ट होतोय!"

"लिंबाला पुरावा म्हनतेत का?" कस्तुराबाई म्हणाली आणि काथ्यानं घासू लागली.

ती समई घासावी तशी घासत होती. वरची कड निघाली, मग पडद्याची चौकट, मग बटणांच्या ओळी. एक, दोन, तीन. चार, पाच, सहा. मधल्या ओळीखाली, उदबत्तीच्या घराच्या बरोबर खाली, आठाचं बटण होतं. ते दिसतच नव्हतं. त्याच्या खाचेत विभूती, कुंकू आणि तेल यांचं काँक्रीट झालं होतं. कस्तुराबाईनं काथ्याचं टोक खुपसून ते उकरलं, लिंबू पिळलं, आणि अंगठ्यानं दाबलं. बटण आत गेलं आणि टक आवाज करून वर आलं.

मघापासून काय खटकत होतं ते सिद्धरामला उमगलं. तो मेहुण्याकडं वळला.

"संगू," तो म्हणाला, "परत दाब. एक नऊ आठ दोन."

"दाजी, तेच तर सकाळधरनं..."

"दाब म्हणतो ना."

संगप्पानं दाबलं. या वेळी त्यानं बघून दाबलं, कारण बटणं आता दिसत होती. पडद्यावर चांदणी उमटली. दुसरी. तिसरी. आणि चौथी. मग शेजारच्या खोलीतून मोटारीनं घसा खाकरला, पाइपात हवा घोंगावली, आणि बाहेर रांगेत असा गलका उठला की चेअरमनना वाटलं पुन्हा भांडण लागलं. भांडण नव्हतं. सार्वजनिक नळाला पाणी आलं होतं, तांबूस, गरम आणि भरपूर आवाज करणारं.

म्हणजे पासवर्ड कुणी बदललाच नव्हता. सकाळपासून सगळे बरोबरच आकडे दाबत होते, चेअरमनसुद्धा. त्यातला आठ तेवढा आत पोचत नव्हता.

संगप्पा रडायला लागला. चेअरमननी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, काहीतरी बोलायचा प्रयत्न केला, आणि न जमल्यामुळे बाहेर जाऊन दुसऱ्या कुणालातरी ओरडले. पण ओरडले ते असं, "संगप्पानं सुरू केलं बरं का रे! संगप्पानं!" आणि ते अख्ख्या रांगेनं ऐकलं.

तेवढ्यात संध्याकाळची गाडी आली आणि नांदेडचा इंजिनिअर बॅग घेऊन दारात उभा राहिला.

"चला," तो घाम पुसत म्हणाला, "पुसून घेऊ या लवकर."

"पुसून झालं की, बाबा," कस्तुराबाई म्हणाली. "बस. भाकरी खा."

इंजिनिअर डब्याकडं, लिंबाकडं आणि काथ्याकडं बघत राहिला. शेवटी त्यानं भाकरी घेतली.

पण खरी धास्तीची वेळ यानंतर आली. संगप्पानं डोळे पुसले, नाक पुसलं, बसवेश्वरांच्या फोटोला नमस्कार केला. मग डब्यापुढं उभा राहिला, हात जोडून म्हणाला, "शरणार्थ, बाबा. लाज राखलास." आणि उपकाराच्या भरात त्याचा उजवा हात सरळ विभूतीच्या डबीकडं गेला. तीन बोटं डबीत बुडाली, वर आली, आणि लखलखत्या डब्याकडं निघाली.

खोलीतली सगळी माणसं एका दमात ओरडली. इंजिनिअरच्या घशात भाकरी अडकली.

कस्तुराबाईनं मध्येच भावाचं मनगट धरलं. तीन बोटं पांढरी होती ती तिनं वळवली, वर नेली, आणि त्याच्याच कपाळावर आडवी ओढली.

"हितं लाव," ती म्हणाली. "चोर म्हणालेत न्हवं का सकाळधरनं ह्या कपाळाला? हितं लाव, आन् असाच बाहीर जा. बगू दे गावाला."

आणि संगप्पा तसाच बाहेर गेला. रांगेतल्या म्हातारीनं पहिली भरलेली घागर बाजूला ठेवून त्याला हात जोडले. त्याला काय करावं कळेना, म्हणून त्यानं तिची घागर उचलून तिच्या घरापर्यंत नेली.

पंपघरात बसवंतअप्पा उरले होते. त्यांनी कानटोपी काढली, झटकली, परत घातली. पिळून चोथा झालेलं लिंबू जमिनीवरून उचललं आणि गाळणीत ठेवलं.

"सिद्धराम," ते हळूच पुण्याला जाऊन म्हणाले, "लिंबू कुणी आणलं होतं, हे तुमच्या लक्षात आहे ना?"

"तुमी, अप्पा," सिद्धराम म्हणाला. त्याचा राग एव्हाना गेला होता. त्या माणसावर राग फार वेळ टिकत नसे.

"अख्ख्या दगडसांगवीत ते एकच लिंबू होतं. मी कशाला लटकवलं असेल ते? वहिनी येणार, त्यांना ते दिसणार, त्या घासणार. असो. प्रसिद्धीची मला हौस नाही. पण तुम्हाला सांगून ठेवतो, वहिनी, सगळे त्या डब्याकडे बघत होते आणि कुणालाच काही कळलं नाही. याचं कारण एकच. दिसतं ते खरं नसतं."

कस्तुराबाई गाठोडं बांधत होती. तिनं अप्पांकडं बघितलं, गाळणीतल्या लिंबाकडं बघितलं, आणि दारातून पलीकडं, रस्त्यापलीकडच्या दुकानात काळ्या पडलेल्या पितळी हंड्यांच्या उतरंडीकडं बघितलं.

"हाव भाऊजी," ती म्हणाली. "पण आधी पुसून बगत जावा."